सरकणारी सकाळ

सिडको, एन-सात,
छत्रपती संभाजीनगर
डिसेंबरचा तिसरा आठवडा

प्रिय कैलास,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकला असशील. आईनं पत्र लिहिलं म्हणजे नक्कीच काहीतरी झालं, असंच मनात आलं असेल. तसं काही नाही. आम्ही दोघं हातीपायी धड आहोत, गच्चीवरच्या कुंडीतली मेथी तरारली आहे, आणि शेजारची साळूबाई नेहमीप्रमाणे माझं विरजण मागून नेते ते परत करत नाही. फोनवरच बोलले असते, पण या घरात हल्ली फोनवर खासगी असं काही उरलेलं नाही. तुझ्या दादांचे कान इतके तिखट झाले आहेत की मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी ते बाहेरच्या खोलीतून उत्तर देतात. आणि मला जे सांगायचं आहे ते तुला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला ताकीद दिली आहे. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्या किती ताकिदी पाळल्या, ते तुला ठाऊक आहेच.

परवा तू म्हणालास की संक्रांतीला येणार नाही. महालक्ष्म्यांना आलो, चार दिवस राहिलो, दादा दिवसभर झोपून होते, आणि संध्याकाळी उठले तरी भिंतीकडे तोंड करून घुम्यासारखे बसले. भाग्या पोरीनं एवढं मन लावून काढलेलं चित्र त्यांच्या हातात दिलं, तर कागद उलटा धरून 'छान' म्हणाले. पोरीसाठी कागद सरळ धरण्याइतकीही पर्वा नसेल तर मी कशाला येऊ, असं तू म्हणालास. मी गप्प बसले, कारण दादा समोर दिवाणावर बसून शेंगा सोलत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, 'काय म्हणला कैलास?' मी म्हटलं, नेटवर्क नव्हतं, नीट ऐकू आलं नाही. ते म्हणाले, 'व्हय, नेटवर्क लई खराब असतं आजकाल.' आणि शेंगा सोलत राहिले. त्यांनी तुझं सगळं बोलणं ऐकलं होतं, कैलास. त्यानंतरच्या शेंगांची टरफलं आणि दाणे त्यांनी एकाच ताटलीत टाकले.

तुला वाटतं, हैदराबादला आमच्याकडे राहायला चला असं तू म्हणालास आणि त्यांनी ते तोडून टाकलं, तेव्हापासून ते रुसले आहेत. तुला असं वाटणं साहजिकच आहे, कारण रुसायला तू त्यांच्याकडूनच शिकलास. पण ते रुसलेले नाहीत. आणि आत्ता तू रुसून बसलास, तर त्या दोन रुसव्यांच्या मध्ये मी म्हातारी होऊन जाईन. म्हणून आधी मला तुला थोडं वनस्पतिशास्त्र शिकवू दे. जांभई देऊ नकोस.

तुम्ही गेल्यावर आठेक दिवसांनी मी गच्ची झाडायला गेले. भाग्यानं शेगडीवर भाजून खाल्लेल्या मक्याची दोन-तीन बुरकुंडं टाकीमागे पडलेली होती, आणि त्यांच्यावर चक्क नारंगी भुकटी फुलली होती. झाडूचा धक्का लागला तशी ती गुलाल उधळावा तशी उडाली. मी तिथंच उकिडवी बसले आणि एकटीच हसले. ही माझी फार जुनी मैत्रीण. तिचं नाव न्यूरोस्पोरा. भाजलेल्या, जळलेल्या गोष्टींवर तिचा जीव, कारण तिचे सुप्त बीजाणू आच लागल्याशिवाय जागेच होत नाहीत. तू शाळेत असताना 'माझी आई बुरशीची टीचर आहे' असं सांगून मुलांना हसवायचास. पण त्या बुरशीचं मी नेमकं काय करत होते, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही.

आमच्या विद्यापीठात तेव्हा वनस्पतिशास्त्र विभागाच्या टोकाला एक बिनखिडकीची खोली होती. तिथं मी हातभर लांबीच्या काचेच्या नळ्या आडव्या मांडून ठेवत असे. नळीत तळाशी खाऊ पसरलेला, एका टोकाला बुरशी लावायची, आणि ती दुसऱ्या टोकाकडे हळूहळू वाढत जायची. खोलीत मिट्ट काळोख. आत जायचं ते फक्त लाल दिवा लावून, कारण लाल उजेड या बुरशीला दिसत नाही, तिला निळाच कळतो. आता गंमत ऐक. ही बुरशी चालता चालता दिवसातून एकदा थांबल्यासारखी करते आणि बीजाणूंचा एक दाट नारंगी पट्टा उठवते. मग पुन्हा पातळ वाढ, मग पुन्हा पट्टा. बाहेर सूर्य उगवला की मावळला, तिला काहीही कळायला मार्ग नाही, तरी पट्टे वेळच्या वेळी उठतात. आमच्या प्रयोगशाळेतले निजामभाई पहिल्यांदा ते पाहून म्हणाले होते, 'क्या बाई, अंधेरे में इनकू टैम कैसा मालूम पडता?' मी सांगितलं, घड्याळ तिच्या आतच आहे. फक्त ते घड्याळ आपल्या दिवसाशी तंतोतंत जुळत नाही. काळोखात सोडून दिली तर तिचा दिवस आपल्यापेक्षा थोडा आखूड पडतो, आणि तिची सकाळ आपल्या सकाळपासून रोज थोडी थोडी सरकत जाते. रोज तिचा कान धरून तिला वेळेवर आणतो तो उजेड. तो नसला की ती आपल्या चालीनं चालते.

माझ्या काही नळ्या मी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी सुरू केल्या होत्या, म्हणजे कुणाचा पट्टा सकाळी उठायचा, कुणाचा रात्री. ही सगळी मेहनत एका दुपारी पाण्यात गेली. लाल दिव्याचं होल्डर बिघडलं म्हणून मी तक्रार केली होती, आणि विद्यापीठाच्या बांधकाम विभागातून एक उंच, सावळा इलेक्ट्रिशियन आला. दारावर 'आत उजेड करू नये' अशी पाटी होती. पाटी त्यानं वाचली, मान डोलावली, आणि आत जाऊन सरळ ट्यूबलाइट लावली, कारण अंधारात होल्डर दुरुस्त करायचं कसं? वर सगळं वायरिंगच जुनाट आहे म्हणून तेही बदलायला घेतलं आणि उरलेला दिवस ट्यूबच्या उजेडात काम केलं. मी जेवून आले तोपर्यंत खोली लख्ख होती. मी त्याला जे बोलले ते मी तुला लिहिणार नाही. तो शिडीवर उभा राहून शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, 'बाई, उजेडानं कुणाचं वाटोळं झालेलं मी पहिल्यांदाच बघतोय.' आणि काम संपवून, दिवा बंद करून निघून गेला.

नळ्या मी फेकूनच देणार होते, पण निजामभाईंनी थांबवलं, राहू द्या म्हणाले, धुवायला वेळ नाही. म्हणून त्या तशाच राहिल्या. आणि पुढच्या दिवसांत काय झालं सांगू? सगळ्या नळ्यांमध्ये पट्टे एकाच वेळी उठायला लागले. सकाळवाल्या, रात्रवाल्या, सगळ्या एका रांगेत. त्यानं दिवा बंद केला, ती वेळ त्या सगळ्यांनी संध्याकाळ धरली होती आणि तिथून आपापली घड्याळं नव्यानं सुरू केली होती. पुस्तकात ते वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. हे सांगायला मी बांधकाम विभागात गेले. माफी मागायला नव्हे, तुझे दादा तसं सांगतात, पण ते खोटं आहे. पुढचं तुला माहीत आहे. लग्नाला तुझी आजी भागूबाई एकच म्हणाली, 'शिकलेली हाय, पण बुरशीची हाय.'

मग तू झालास, आणि दादांनी वाळूजच्या कंपनीत नोकरी धरली. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. तुला त्यातलं किती आठवतं कोण जाणे. रात्रपाळीहून आले की त्यांचे डोळे तांबारलेले असायचे, पण तुझी शाळेची रिक्षा येईपर्यंत ते झोपायचे नाहीत. तुझ्या बुटांच्या नाड्या बांधायच्या, तुझ्याशी अर्धा तास काहीबाही बोलायचं, आणि मग पडायचं. दुसऱ्या पाळीला ते घरी यायचे तेव्हा तू झोपलेला असायचास, तर दुपारी कामाला जाण्याआधी ते शाळेच्या फाटकाशी सायकल लावून उभे राहायचे, मधल्या सुट्टीत तुला केळं द्यायला. मी किती भांडले. म्हटलं, माणसाच्या शरीराला घड्याळ असतं, मी ते काचेच्या नळीत पाहिलंय, तुम्ही त्याची खांडोळी करताय. ते म्हणायचे, 'पोराचा दिवस चुकला तर मग माझ्या दिवसाला काय अर्थ हाय?' नोकरी संपेपर्यंत ते असंच चाललं. तुझा दिवस त्यांनी चुकवला नाही.

आता मी जिथं यायचं टाळत होते तिथं येते. काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत, अंधुक दिसतं, एवढं तुला सांगितलेलं आहे. त्यांनी तेवढंच सांगू दिलं. गेल्या चैत्रात एकदा मी दिवेलागणीला तांदूळ निवडायला बसले होते. ते आत आले. मला अंधारात निवडायला लागू नये म्हणून ही त्यांची जुनी सवय, त्यांनी न चाचपडता बटण दाबलं. बल्ब उडालेला होता. खोलीत तसाच काळोख. आणि ते हसून मला म्हणाले, 'बघ, आता दिसतंय ना नीट?'

मी हो म्हटलं.

कैलास, ज्या माणसानं आयुष्यभर दिवे लावले, त्याला दिवा लागला नाही हे कळलं नाही. मी ताटावर मान खाली घालून बसले, आणि कितीतरी वेळ माझ्या हाताला खडा कुठला आणि तांदूळ कुठला ते समजेना. मग दोन दिवसांनी मीच विचारलं. ते म्हणाले, थोडाफार उजेड जाणवायचा, तोही शिमग्याच्या सुमारास गेला. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. कैलासला सांगू नको, म्हणाले, तो नोकरी सोडून पळत येईल, नाहीतर आपल्याला उचलून नेईल. म्हणून महालक्ष्म्यांना घर पाहुण्यांनी भरलं तेव्हा ते भिंतीला धरून बसले, कुणाला धक्का लागू नये म्हणून. आणि भाग्याचं चित्र त्यांनी उलटं धरलं, कारण ते चित्र आहे हे त्यांना कागदाच्या आवाजावरूनच कळलं होतं. तो कागद आजही त्यांच्या उशाखाली आहे. कुठली बाजू वरची, ते मी त्यांना कोपरा दुमडून दाखवलंय.

आता झोपेचं. उजेड गेल्यानंतर सुरुवातीला मला वाटलं, दुःखानं झोप उडाली असेल. आपल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती डोक्याला गुंगी यायची. पण काही दिवसांनी मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवू लागली. आषाढ सरताना ते वाळूजच्या पहिल्या पाळीची बस गल्लीच्या तोंडाशी भोंगा द्यायची तेव्हा उठायचे. मग पोरांच्या शाळेच्या रिक्षेला उठायला लागले. मग भाजीवाल्या सरूबाईच्या हाकेला. सरूबाई मला म्हणालीसुद्धा, 'साहेब आळशी व्हायला लागले का वो बाई?' मग भंगारवाल्याच्या हाकेला. तुम्ही आलात तेव्हा त्यांची सकाळ आपल्या संध्याकाळपर्यंत सरकत गेलेली होती. आपण दुपारी पुरणपोळीची ताटं वाढत होतो तेव्हा त्यांच्या शरीरात ऐन मध्यरात्र होती. ज्या माणसाला मध्यरात्री गदागदा हलवून उठवलं, त्यानं तुझ्याशी काय बोलावं?

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ती नारंगी भुकटी हातावर घेऊन गच्चीत बसले तेव्हा कळलं. दादा त्या बिनखिडकीच्या खोलीत गेले होते, आणि बाहेरून कान धरणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. बुरशीचा दिवस आपल्यापेक्षा आखूड, माणसाचा थोडा लांब, म्हणून तिची सकाळ अलीकडे सरकते आणि ह्यांची पलीकडे, एवढाच फरक. मी मनाशी हिशेब केला की असंच चाललं तर दिवाळीत त्यांची सकाळ पुन्हा आपल्या सकाळीला येऊन मिळेल. आणि मिळाली! अभ्यंगस्नानाला माझ्या आधी उठले, आकाशकंदिलाची वायर स्वतः ओढली, फराळाच्या वेळी इतके बोलले की साळूबाई दाराशी उभी राहून ऐकत राहिली. भागूबाई कुठंय, भागूबाई कुठंय, असं दहादा विचारलं; भाग्याला ते लाडानं आपल्या आईच्याच नावानं हाक मारतात ना. तू तेव्हा सासुरवाडीला होतास. त्यात तुझी काहीच चूक नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांना मी हे सगळं विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, ज्यांच्या डोळ्यांना उजेड अजिबात कळत नाही अशा पुष्कळांना हे होतं. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यायचं एक औषध सुरू केलंय. काही महिन्यांनी बसेल घडी, किंवा नाही बसणार. मीही माझे उद्योग करते. बुरशीला ऊनगारव्यावरूनही वेळ कळते, म्हणून त्यांना रोज कोवळ्या उन्हात गच्चीवर बसवते. ते म्हणतात, 'मला काय नळीत घातलंय का गं?' पण बसतात. अजून तरी फरक नाही. मी तुला खोटी आशा लावणार नाही.

आणि हैदराबादचं म्हणशील तर त्यांचा नकार तुला नाही. या घराचं वायरिंग त्यांनी स्वतःच्या हातानं केलंय. कुठलं बटण कुठं, कुठल्या भिंतीला कोपरा, उंबरठा किती उंच, हे सगळं त्यांच्या बोटांना पाठ आहे. इथं ते आंधळे नाहीत, रे. मी स्वयंपाकघरात शिरले की आजही ते उठून माझ्यासाठी दिवा लावतात. तुझ्या बाराव्या मजल्यावर ते कुणासाठी काय लावणार?

मी हे लिहिलं ते तू हळहळावंस म्हणून नाही, आणि तू सगळं सोडून धावत यावंस म्हणूनही नाही. तुला एक काम सांगायचंय. त्यांची सकाळ आपल्याशी पुन्हा जुळायला फेब्रुवारी उजाडेल, पण भाग्याच्या शाळेला सुट्टी आहे ती संक्रांतीची. माझ्या हिशेबानं तेव्हा दादांचा दिवस आपल्या मध्यरात्रीच्या आसपास उगवेल आणि दुपार कलली की संपेल. तर त्यांचा दिवस आपल्याकडे यायची वाट पाहू नकोस. तूच त्यांच्या दिवसात ये. चार दिवस त्यांच्या घड्याळानं राहा. ते झोपले की तुम्ही झोपा, ते उठले की उठा. सूनबाईला म्हणावं, पहाटे तीनला गुळाच्या पोळ्या लाटायला मी आहे, तिनं फक्त जागं राहावं. भाग्याला तर याहून मोठी चैन नाही. वाळूजच्या दिवसांत एका माणसानं तुझ्यासाठी हेच केलं होतं, वर्षानुवर्षं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. तुमची गाडी पहाटे पोचते, म्हणजे दादांची सकाळ ऐन भरात असेल. रिक्षा थांबल्याचा आवाज झाला की दार तेच उघडतील. आधी ते तुमच्यासाठी पोर्चमधला दिवा लावतील आणि विचारतील, आता दिसतंय ना नीट? तू हो म्हण. बल्ब मी कालच नवा बसवून घेतलाय.

तुझीच,
आई